बाबांची रातपाळी आणि चाळीतली आम्ही पोरं

काळाचौकी_खोली_अठरा
चाळीच्या आठवणींवर इथे आधी पण धागे आलेत पण ते सगळे फिरून फिरून गणपती, गोविंदा आणि फराळावर येऊन थांबतात, आणि त्यात घरातला कमावता माणूस त्या वेळी कुठे होता ते काही कळत नाही. म्हणून मुद्दाम वेगळं विचारतोय. ज्यांच्या घरात मिलमधलं माणूस होतं त्यांनी लिहा, पाळीने तुमचं लहानपण कसं चालवलं.

आमचे बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा आणि रातपाळी बारा ते सकाळी सात. घरात घड्याळ होतं पण ते किल्ली द्यायची राहून बंदच असायचं, कोणाचं काही अडायचं नाही कारण भोंगे होते. आसपासच्या प्रत्येक मिलचा भोंगा वेगळा, आजी डोळे मिटून सांगायची हा दिग्विजयचा, हा मोरारजीचा, आणि कुठला उशिरा झाला तर तिला राग यायचा.

पहिल्या पाळीचे दिवस चांगले. बाबा चारला घरी, चहा, मग खाली नाक्यावर, संध्याकाळी भजन असेल तर भजन. दुसऱ्या पाळीत ते दिसायचेच नाहीत, आम्ही शाळेत जाताना झोपलेले आणि आम्ही परत यायच्या आत गेलेले, प्रगतीपुस्तकावर सही हवी असली की ते त्यांच्या जेवणाच्या ताटाखाली ठेवायचं आणि सकाळी सही झालेली असायची, मार्क कमी असतील तर ही पाळी फार सोयीची. पण खरी मजा रातपाळीची. एकच खोली, त्यात दिवसा माणूस झोपलेलं, दाराला पडदा, आई मोरीत भांडी घासताना सुद्धा खाली फडकं टाकून घासायची म्हणजे आवाज नको. आणि हे फक्त आमच्या घरात नाही, मजल्यावर कोणी ना कोणी कायम रातपाळीचं असायचंच, त्यामुळे गॅलरीत धावायचं नाही हा नियम बाराही महिने. आमच्या क्रिकेटमध्ये अपील ओरडून करायचं नाही, नुसता हात वर करायचा. जो ओरडेल त्याची टीम आउट. मोठा झाल्यावर ऑफिसच्या टीममधून पहिल्यांदा खेळलो तर बॉलर माझ्याकडे बघतोय की हा असा हात वर करून गप्प का उभा आहे.

तुमचं लिहा.

तिसरा_मजला
अगदी अगदी!! ते आवाज न करता खेळणं आठवून हसायला आलं. आमच्याकडे दुपारी फक्त पत्ते, व्यापार आणि गोट्या, त्या पण गोणपाटावर. डबा ऐसपैस साडेतीनचा भोंगा झाल्याशिवाय सुरूच नाही व्हायचं.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. साचेखात्यातली माणसं घरी पण मोठ्याने बोलायची. शेकडो माग एका वेळी धडाधड चालणार, तिथे शेजारच्याचं ऐकू येत नाही, खात्यात ती माणसं ओठ बघून आणि खुणांनी बोलायची आणि बाहेर आली की आवाज तसाच वरचा. वडलांनी आईला कानात सांगितलेलं गुपित तळमजल्यापर्यंत पोचायचं. बहिणीचं स्थळ मोडलं ते सगळ्या चाळीला आमच्याआधी कळलं. पुढे पुढे कमीच ऐकू यायला लागलं त्यांना, तेव्हा आम्ही चिडायचो त्यांच्यावर, टीव्हीचा आवाज किती करता म्हणून.

आणि ती तूस. केसात, भुवयांवर, कानात कापसाची तूस घेऊन घरी यायचे, आई दारातच पंचा द्यायची झटकायला. छातीचं दुखणं चाळीत किती जणांना होतं ते आता मोजायला बसलं तर कळतं.

गिरगावचा_गोट्या
छान धागा. आमच्या गिरगावात पण हीच मजा, चाळ ती चाळच.

काळाचौकी_खोली_अठरा
@गिरगावचा_गोट्या, राग मानू नका पण चाळ ती चाळच नाही हो. तुमच्याकडे वडील साडेनऊला डबा घेऊन ऑफिसला आणि सहाला परत. आमच्याकडे तळमजल्यावरचे काका बदली कामगार होते, रोज पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर डबा तसाच घेऊन परत. तो न उघडलेला डबा मग संध्याकाळी पोरांना मिळायचा, आम्हाला वाटायचं काकांचं बरं आहे, रोज खाऊ आणतात. आता त्याचं कसंतरी वाटतं.

गिरगावचा_गोट्या
राग नाही. लिहा तुम्ही, मी वाचतोय.

खानावळवालीची_मुलगी
गेले दोन दिवस नुसतं वाचत होते, आता लिहिते.

तुम्हा मुलग्यांच्या आठवणीत गॅलरी आणि गच्ची आहे. माझ्या आठवणीत पोळपाट आहे. आई खानावळ चालवायची, लालबागला, हाजी कासम चाळीच्या जवळ. शेजारच्या चाळीत गावकऱ्यांची खोली होती, त्यातले पंधरा-वीस जण आमच्याकडे जेवायला. पहिल्या पाळीवाले साडेपाचला डबा मागणार, दुसऱ्या पाळीवाले सकाळी अकराला येऊन जेवणार, रातपाळीवाले सकाळी सातनंतर आणि परत रात्री अकराला. म्हणजे तुमच्या घरात एक पाळी असायची, आमच्या घरात तिन्ही. आई कधी झोपायची ते मला खरंच माहीत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून भाकऱ्या थापते आणि अजून माझी भाकरी आईच्या मते जाड होते.

हिशोब सगळा तोंडी. पगार झाला की महिन्याचे पैसे, त्यातून वाण्याची उधारी, मग हातात फारसं काही नाही, आणि मध्ये कोणी गावाला निघून गेला तर बुडाले. सावकाराकडे मंगळसूत्र ठेवून तांदूळ आणलेत आईने. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, आईला त्यातूनच पहिलं कर्ज मिळालं, बँकेत जाताना तिने लग्नातलं लुगडं नेसलं होतं आणि मला बरोबर नेलं होतं कारण तिला सही येत नव्हती, मी तिला रस्त्यात सही शिकवत होते.

आवडत्या आठवणी नाहीत का तर आहेत ना. ती खानावळीतली माणसं बायकापोरं गावाला ठेवून आलेली, मला नुसती लाडावून ठेवायची. कोण गावाहून येताना काजू आणणार, कोण कोकमं, घाटावरचा एक नाना होता तो गूळ आणायचा. दहावीला पास झाले तेव्हा पेढे माझ्या घरून नाही वाटले गेले, गावकऱ्यांच्या खोलीतून वाटले गेले. पण सकाळी संडासच्या रांगेत टमरेल घेऊन उभं राहायची लाज, आणि मोरीला दार नाही म्हणून भावंडांना बाहेर काढून पडद्याआड आंघोळ, हे पण त्याच चाळीतलं आहे. धागा गोड गोड नको व्हायला म्हणून लिहिलं.

तिसरा_मजला
+१. आईला नमस्कार सांगा.

कोकणातला_पोरगा
गावकऱ्यांची खोली म्हटल्यावर राहवलं नाही. मी उलट्या बाजूचा. माझं लहानपण गावाला, वडील मुंबईत त्या खोलीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली घ्यायची, तीस-चाळीस जणांची नावं, ट्रंका एकावर एक भिंतीला, वळकट्या वर फळीवर. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक गॅलरीत, म्हणून माणसं मावायची. महिन्याची वर्गणी, त्यातून भाडं, आणि उरलेल्यातून गावचं देऊळ, गावची शाळा, गावची विहीर. आमच्या शाळेची दुसरी खोली या वर्गणीतून बांधली.

मला वडील म्हणजे मनीऑर्डर आणि त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी. शिमगा आणि गणपतीला माणूस प्रत्यक्ष. मे महिन्यात एकदा आई आणि मी मुंबईला आलो, एसटीने रात्रभर, परळला उतरलो, तर राहायचं कुठे? त्या खोलीत बायकामाणसं कशी राहणार. मावशीच्या खोलीत सोय झाली आणि वडील पाळी सुटली की पाहुण्यासारखे आम्हाला भेटायला यायचे, खिशात चिक्की. मी भारतमाता टॉकीजला पहिला सिनेमा त्याच वेळी पाहिला. इंटर्वलला वडील झोपले होते, रातपाळी करून आलेले, मी उठवलं नाही.

सोलापुरी_कडक_भाकरी
मुंबईकर सोडून पण गिरणगावं होती बरं का 🙂 आमचं सोलापूर. नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जुनी मिल. जुनी मिल तर १८७७ ची. आमच्याकडे पण गाव भोंग्यावर उठायचं, आणि पूर्व भागात मिलचा भोंगा संपला तरी घराघरात मागाचा खटका चालूच. तेलुगू बोलणारे पद्मशाली लोक, आमच्या गल्लीत निम्मी पोरं घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि शिव्या दोन्हीत.

माझी आई विड्या वळायची. मिल अडखळायला लागल्या तेव्हा कित्येक घरं विडीवरच चालली सोलापुरात. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, मग सुपात तंबाखू घेऊन सगळ्या बायका दारात ओळीने. हजार विड्या म्हणजे एक दिवस. आम्ही पोरं शाळेतून आलो की विड्यांची तोंडं दुमडायची, ते लहान बोटांना पटकन जमतं. तंबाखूच्या वासाशिवाय मला अजून अभ्यास केल्यासारखं वाटत नाही, बायको म्हणते डॉक्टरला दाखवा.

कारखान्यात चेकर बसायचा, हातात पुडा घेऊन विड्या बाजूला काढायचा, ही सैल, ही आखूड, काढलेल्याचे पैसे नाहीत आणि विड्या पण परत नाहीत. आई घरी येऊन त्या चेकरची नक्कल करायची, सगळी गल्ली जमायची बघायला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला विडीच्या पैशातून पाळण्यात बसवायची, तिथे मात्र हात आखडायची नाही.

नागपूरकरीण
मग आम्ही काऊन मागे राहायचं 😄 एम्प्रेस मिल, टाटांची, ती पण १८७७ चीच. माझे आजोबा आणि दोन्ही काका तिथेच. आता तिथे मॉल आहे, आणि काका एकदा आम्ही नेलं तर एस्कलेटरजवळ उभे राहून सांगत होते इथे आमचं खातं होतं, मग म्हणाले नाही, थोडं पुढे, आणि तिथल्या वॉचमनला पण सांगितलं. त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

आमच्या वस्तीत कोष्टी लोक, घरात हातमाग, बाहेर मिल. पण लहानपणी सगळ्यात मोठा दिवस म्हणजे मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघणार, संगं बडगे, आणि सगळा इतवारी भाग ओरडतोय इडा पिडा घेऊन जा गे मारबत. बडगे म्हणजे त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा पुतळा, मग तो मंत्री असो की महागाई. मुंबईतल्या तुमच्या गणपतीत देखावे बघायचे, आमच्याकडे शिव्या द्यायची परवानगी असते नं, वर्षातून एक दिवस. आजोबा एरवी मुकादमासमोर मान वर न करणारे, त्या दिवशी सगळ्यात पुढे.

वरळी_बीडीडी
खूप चांगलं चाललंय. मी वरळीचा. बीडीडी चाळी म्हणजे १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, त्यातल्या १२१ आमच्या वरळीला. तळ अधिक तीन, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फूट. त्यात आम्ही नऊ जण. आमच्याकडे पोलीस, मिलवाले, पालिकेचे, गोदीवाले सगळेच.

लोक लिहितात की चाळीत जातपात नव्हती, सगळे एक. चाळी चाळींमध्ये वस्ती वाटलेली होती हो, कुठल्या नंबरच्या चाळीत कोण ते सगळ्यांना माहीत. आणि मिलमध्ये तर उघड. आम्हा दलितांच्या आजोबांच्या पिढीला साचेखात्यात घेत नसत, तिथे पगार चांगला पण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला दोरा तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि आमच्या माणसाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्यांना चालायचा नाही. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. ते स्वतः परळच्या बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिलेले, एक नंबरच्या चाळीत, खोली ५० आणि ५१, त्यामुळे त्यांना कोणी चाळ शिकवायची गरज नव्हती. आणि जानेवारी १९७४ ची वरळीची दलित पँथर आणि शिवसेनेची दंगल आमच्या घरच्यांनी गॅलरीतून पाहिली, सोडावॉटरच्या बाटल्या आणि दगड.

हे सांगून पण सांगतो, माझं लहानपण भारी गेलं. १४ एप्रिलला रात्री बारापासून निळे दिवे, भीमगीतांची कव्वाली पहाटेपर्यंत, आणि समोरच्या चाळीतला माझा मित्र मराठा, त्याची आई ओरडायची तरी तो पहिल्या रांगेत बसलेला. गणपतीत गल्लीत पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवायचे, पडद्याच्या दोन्ही बाजूला लोक. आम्हाला उशीर झाला की मागच्या बाजूला जागा मिळायची, तिथून सगळं उलटं दिसायचं, हिरो डाव्या हाताने मारायचा. मला कितीतरी वर्षं वाटत होतं तो डावखुराच आहे.

तिसरा_मजला
साचेखात्याचं हे मला माहीत नव्हतं. वडील तिथेच होते आणि घरात कधी या विषयावर शब्द निघाला नाही. म्हणजे त्यांना माहीत असणारच.

काळाचौकी_खोली_अठरा
माझे पण तिथेच. आमच्या चाळीत सगळे कोकणातले, तेव्हा प्रश्नच पडला नाही कधी. @वरळी_बीडीडी, लिहिलंत ते बरं झालं.

एकजण
ब्याऐंशीच्या गिरणी संपाचं कोणीच लिहीत नाहीये. की मुद्दाम?

काळाचौकी_खोली_अठरा
मुद्दाम नाही, पण हात जात नाही तिकडे. बरं लिहितो.

१८ जानेवारी १९८२. मी सातवीत. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. आधी आम्हा पोरांना वाटलं सुट्टी, बाबा सलग घरी, पाळीच नाही. पहिले दोन महिने तर चाळीत उत्सवच, सभा, मोर्चे, डॉक्टरांचं, म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंतांचं भाषण ऐकून आलेली माणसं रात्री गॅलरीत बसून ते परत एकमेकांना ऐकवायची. आणि आम्ही दुपारी गॅलरीत मोकाट धावतोय, कोणी ओरडत नाही. ते आम्हाला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग पावसाळ्यापर्यंत ते ओरडणं बंद होण्याचा अर्थ कळायला लागला. एकेक कुटुंब गावाला गेलं, भिशी मोडली, पितळेची भांडी गेली आणि ॲल्युमिनियमची आली. आई घरी शिवण घ्यायला लागली. थोरल्या भावाने कॉलेज सोडून कुरियरमध्ये काम धरलं, तो हुशार होता माझ्यापेक्षा. संप मागे घेतला असं तर कधी कोणी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. काही मिल उघडल्या, बाबांना परत घेतलं पण बदली म्हणून, म्हणजे वीस वर्षं नोकरी झालेला माणूस गेटवर उभा, तळमजल्यावरच्या काकांच्या शेजारी.

एकजण
धन्यवाद. आमच्या वडलांनी नंतर रिक्षा घेतली. त्यांना कोणी विचारलं काय करता तर म्हणायचे मिलमध्ये आहे, रिक्षात बसूनच.

खानावळवालीची_मुलगी
संपात आईने सगळ्यांना उधार जेवू घातलं, जोपर्यंत वाण्याने दिलं तोपर्यंत. मग गावकऱ्यांची खोली निम्मी रिकामी झाली. बऱ्याच जणांनी नंतर गावाहून पैसे पाठवले, मनीऑर्डरने, पाच पाच दहा दहा रुपये करून. उलट दिशेची मनीऑर्डर. ज्यांनी नाही पाठवले त्यांची नावं आईला अजून पाठ आहेत आणि ती सांगत नाही.

सोलापुरी_कडक_भाकरी
जड झालं वातावरण. @वरळी_बीडीडी, तुमच्याकडे टॉवर झाले ना आता? गेलात का राहायला?

वरळी_बीडीडी
हो, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या त्यात आमचा नंबर होता. चाळीस मजली टॉवर, घर ५०० चौरस फूट, संडास घरात, आईने पहिल्या दिवशी त्याचं दार उघडून बंद करून बघितलं सगळ्या पाहुण्यांना दाखवायला. ज्यांना चाळीचे उमाळे येतात त्यांना मी सांगतो आधी नव्वदीच्या बाईला विचारा रात्री गॅलरीतून शेवटच्या टोकाला जायला काय वाटायचं ते.

एकच भांडण चालू आहे. गच्चीवर मिरच्या वाळत घालू देत नाहीत. सिक्युरिटीवाला म्हणतो परवानगी नाही. आईचा मसाला दरवर्षी चार घरांना जातो, ती म्हणते घर परत करा.

खानावळवालीची_मुलगी
लालबागला मसाला गल्लीत जा, मिरच्या तिथेच घ्यायच्या, भाजून डंकावर कुटून समोर देतात, वाळवायचा प्रश्न नाही. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. पण सकाळी लवकर जा, मे महिन्यात दुपारी नंबर लागत नाही, आणि आईला बरोबर न्या, डंकावरून हलू नका, आपल्याच मिरच्या आपल्याच पिशवीत येतात की नाही ते बघत उभं राहायचं.

वरळी_बीडीडी
आईला वाचून दाखवलं. म्हणते त्या बाईंना विचार धणे किती घालतात.

खानावळवालीची_मुलगी
किलोला अर्धा. त्याहून जास्त नाही, वास मरतो मिरचीचा. आमची आई पाव म्हणेल, तिचं ऐकू नका.